घरझडती, अधिपत्राविना

गुन्ह्याशी संबंधित वस्तू, कागदपत्रे किंवा व्यक्ती शोधण्यासाठी पोलिसांनी राहत्या घरात शिरून केलेली तपासणी म्हणजे घरझडती होय. सामान्यतः तीस दंडाधिकाऱ्याचे अधिपत्र म्हणजे वॉरंट लागते. घरात शिरणे आवश्यक आहे की नाही, हे तपास करणाऱ्याने नव्हे, तर त्रयस्थ न्यायाधिकाऱ्याने ठरवावे, हे त्यामागील तत्त्व आहे. तथापि अधिपत्र मिळेपर्यंत पुरावा नाहीसा होण्याचा संभव असल्यास त्याविना झडती घेण्याची मुभा कायदा देतो. ह्या मुभेच्या मर्यादा कोणत्या व त्या ओलांडल्यास परिणाम काय, ह्या दोन प्रश्नांभोवती ह्या विषयाचा इतिहास घडला.

प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला होय, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १६०४ च्या एका निर्णयात मांडले गेले. १७६२ मध्ये मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स ह्यांच्या हुकुमावरून राजाच्या दूतांनी जॉन एंटिक ह्या लेखकाच्या घराची चार तास झडती घेऊन त्याचे कागद नेले. असा हुकूम देण्याचा अधिकार मंत्र्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही व राज्याची निकड हे त्याचे समर्थन ठरत नाही, असा निर्णय लॉर्ड कॅम्डेन ह्यांनी १७६५ मध्ये दिला. एंटिकला ३०० पौंड नुकसानभरपाई मिळाली.

अमेरिकेतील वसाहतींत जकात अधिकाऱ्यांना दिलेल्या सरसकट झडतीच्या अधिकाराविरुद्ध तीव्र असंतोष होता. १७९१ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने अवाजवी झडतीपासून नागरिकांना संरक्षण दिले. तेथे भरपाईपेक्षा वेगळा उपाय रूढ झाला : बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा वगळण्याचा नियम १९१४ मध्ये संघीय न्यायालयांना व मॅप विरुद्ध ओहायओ (१९६१) ह्या निर्णयाने राज्यांनाही लागू झाला.

भारतात हे संरक्षण मुख्यतः प्रक्रियेच्या नियमांत आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१९७३) १६५ व्या कलमानुसार तपास अधिकाऱ्याला अधिपत्राविना झडती घेता येई. मात्र तपासाला आवश्यक वस्तू त्या जागी आहे व ती अन्य मार्गाने अवाजवी विलंबाविना मिळणार नाही, असे मानण्यास वाजवी कारण असावे लागे. ही कारणे व शक्यतो शोधावयाची वस्तू झडतीपूर्वी लेखी नमूद करणे, नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे आणि परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित पंचांसमक्ष झडती घेणे बंधनकारक होते. घरात राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा व जप्त वस्तूंची यादी मिळण्याचा हक्क होता. कारणांची प्रत मात्र त्याला नंतर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून मिळे. म्हणजे पोलीस दारात उभे असताना कारणे नोंदविली आहेत की नाहीत, हे त्याला कळत नसे.

कारणे न नोंदविता घेतलेली झडती बेकायदा ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान राज्य विरुद्ध रहमान (१९६०) ह्या खटल्यात सांगितले. खडक सिंग (१९६२) खटल्यात, पाळतीखालील व्यक्तीच्या घरी रात्री जाण्याची पोलीस नियमांतील तरतूद रद्द झाली. तिला कायद्याचा आधार नव्हता. परंतु परिणामाच्या बाबतीत भारतीय न्यायालयांनी अमेरिकेचा मार्ग स्वीकारला नाही. राधाकिशन (१९६३) निर्णयानुसार बेकायदा झडतीला प्रतिकार करता येईल व जप्तीचा पुरावा न्यायालय अधिक काळजीने तपासील. तथापि तेवढ्यावरून जप्ती निष्फळ होत नाही. पूरणमल खटल्यात (१९७३) हीच भूमिका कायम राहिली.

पुट्टस्वामी निर्णयाने (२०१७) खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. मात्र बेकायदा झडतीतील पुरावा वगळण्याचा सर्वसाधारण नियम त्याने घालून दिला नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८५ व्या कलमात जुन्या अटी कायम असून झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे आणि नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. चित्रीकरणामुळे झडती कशी झाली, हे न्यायालयाला पाहता येते. ती मुळात आवश्यक होती काय, ह्याचा निर्णय मात्र लेखी कारणांवरूनच करावा लागतो.