आगोट, कौल आणि वारा

कोकणातल्या घराचा इतिहास लिहायचा झाला, तर तो पायापासून नव्हे, छपरापासून लिहावा लागेल. भिंत जांभ्याची असो की कुडाची, ती छपराच्या आश्रयाने उभी असते. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस जेथे कोसळतो, तेथे उघडी पडलेली मातीची भिंत एक पावसाळाही काढीत नाही. म्हणून पाखी उतरती, वळचण लांब आणि पुढेमागे पडवी. पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांची झापे बांधायची, ती झड अडवण्यासाठी.

सर्वांत जुने छप्पर गवताचे. त्यानंतर आले नळ्यांचे. कुंभाराने चाकावर नळी काढावी, ओली असतानाच उभी चिरावी आणि भाजावी, की दोन नळे तयार. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. त्यांना ना खिळा, ना तार. ते आपल्या वजनानेच बसायचे. माकडाने उडी मारली, मांजर धावले, की जागा सोडायचे. म्हणून दर वर्षी आगोटीला शाकारणी. मृग लागण्यापूर्वी माणसे छपरावर चढत, नळे उतरवीत, फुटके काढीत, पुन्हा लावीत. घराचे रक्षण नळा करीत नव्हता, ही शाकारणी करीत होती, असे मी म्हणेन.

ही रीत बदलली ती मंगळूरमुळे. १८६५ साली बासेल मिशनने जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला; जॉर्ज प्लेब्स्ट हा त्यामागचा कारागीर मिशनरी. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांकाठची चिकणमाती यंत्रात दाबून कौले निघू लागली. एकाची खाच दुसऱ्याच्या पन्हळीत बसते आणि पाठीवरची नखे रिपेला धरून राहतात. समुद्रमार्गे ही कौले बंदरोबंदरी पोहोचली आणि शाकारणीचे कष्ट पुष्कळ हलके झाले. शाळेत आम्ही तह आणि लढाया शिकवतो. घराघरावरून गेलेली ही क्रांती मात्र धड्यात नाही.

परंतु गवत काय, नळा काय, मंगलोरी कौल काय, हा सारा बंदोबस्त पावसाविरुद्धचा. चक्रीवादळाचा हिशेब त्यात फारसा धरलेला नव्हता. कारण अरबी समुद्रातली वादळे बंगालच्या उपसागरापेक्षा संख्येने कमी, आणि कोकणावर थेट येणारी त्याहून विरळ. ३ जून २०२० रोजी, ऐन आगोटीत, ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या आणि घरांची छपरे उडाली.

उडाली हा शब्द अक्षरशः खरा आहे. वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर ओढतो. चौरस मीटरला १५ मंगलोरी कौले धरली, तर त्यांचे वजन ३५ किलोंच्या आसपास भरते. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर तेवढ्याच जागेवर ५५ किलोंहून अधिक. वळचण, आढे आणि कोपरे येथे ओढ सर्वांत जास्त. त्यात वाऱ्याकडचे दार उघडे राहिले, तर आतूनही रेटा बसतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की जोर चौपट होतो.

वादळानंतर पुष्कळांनी कौले सोडून पत्रे घातले. त्यांना दोष कसा द्यावा? पाऊस दारात होता आणि शाकारणारे हात थोडे. तरी पत्रा कौलाहून हलका. तो केवळ हुकांवर टिकतो, आणि हुक सुटला की आख्खा पत्रा पात्यासारखा सुटतो. कौल सुटते तेव्हा भगदाड पडते, पण बाकीचे छप्पर जागेवर राहू शकते.

उपाय फार महाग नाहीत. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळी गंज न धरणाऱ्या तारेने रिपेला बांधाव्यात, आढ्यावरची कौले चुन्यात किंवा सिमेंटात बसवावीत, वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने जखडावेत. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला बरे तोंड देते. मात्र तारही गंजते, पट्टीही सैल होते. ती पाहायला वर्षातून एकदा माणूस छपरावर चढलाच पाहिजे. शाकारणी गेली तरी आगोट अजून दर वर्षी येते.