खडकवासल्याचे छात्रजीवन आणि युद्धात वीरगती लाभलेले माजी छात्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
युद्धांचा इतिहास बहुधा मोहिमा, सेनानी आणि तह यांच्या आधारे लिहिला जातो. धारातीर्थी पडलेला तरुण अधिकारी काही काळापूर्वी एखाद्या वर्गातील विद्यार्थी होता, ही बाब त्यात मागे पडते. शिक्षणसंस्था अशा माजी विद्यार्थ्यांची स्मृती कशी जपते, याचा विचार प्रस्तुत लेखात खडकवासला (जि. पुणे) येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या संदर्भात केला आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी :
दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणार्थ भारतीय सैनिकांनी बलिदान केले. त्याबद्दल कृतज्ञता म्हणून सुदान सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर त्यांपैकी सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्याला आले व ते प्रबोधिनीच्या उभारणीस लाभले. मुख्य इमारतीचे 'सुदान ब्लॉक' हे नाव त्याचेच स्मरण होय. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे उद्घाटन झाले. थोडक्यात, या विद्यासंकुलाच्या पायातच युद्धस्मृती आहे.

छात्रजीवन व बलिदान :
येथील छात्र तीन वर्षे स्क्वाड्रनमध्ये एकत्र राहतात, कवायत करतात आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवीही संपादन करतात. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले पहिले माजी छात्र. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत असताना ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतील कटांगा प्रांतात त्यांना वीरमरण आले. फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनचे छात्रप्रमुख राहिलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणगाडा-संग्रामात कामी आले. तेव्हा त्यांचे वय २१ वर्षे होते व अधिकारपद मिळून जेमतेम सहा महिने झाले होते. कॅप्टन मनोजकुमार पांडे ३ जुलै १९९९ रोजी कारगिल युद्धात खालुबार येथे हुतात्मा झाले.

स्मृतीचे स्वरूप :
छात्रांनी स्वश्रमाने उभारलेल्या 'हट ऑफ रिमेम्बरन्स' या स्मृतिगृहात वीरगती लाभलेल्या माजी छात्रांची नावे कोरलेली असून तेथे पुष्पचक्र अर्पण केले जाते. दीक्षान्त संचलन खेत्रपाल यांच्या नावाच्या मैदानावर होते. ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ छात्रकन्यांनी त्याच मैदानावरून संचलन केले. स्मारक येथे केवळ वास्तू नसून नित्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

निष्कर्ष :
ही परंपरा लष्करी संस्थेपुरती मर्यादित राहण्याचे कारण नाही. १४ फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्याने दोन जवान गमावले. अशा जवानांचे विद्यार्थिजीवन शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेश नोंदवह्या, वार्षिकांक व राष्ट्रीय छात्रसेनेच्या दप्तरात शोधता येते. ही साधने जीर्ण होण्यापूर्वी इतिहास विभागांनी त्यांचे संकलन केल्यास हुतात्म्याच्या नावामागील विद्यार्थी स्थानिक इतिहासाला गवसेल.