टर्बो रूपांतर

वातावरणाच्या दाबावर हवा ओढून घेणाऱ्या मोटार-इंजिनाला टर्बोचार्जर जोडून त्याची ताकद वाढवण्याचे काम. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या तप्त वायूंवर टर्बाइन फिरते, आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरतो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले.

खरी अडचण उष्णतेची. दाबलेली हवा तापते, मिश्रण अवेळी पेटते, इंजिन ‘नॉक’ करते आणि पिस्टनही फुटू शकतो. म्हणून इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, ईसीयूचे नवे ट्यूनिंग आणि बहुधा कमी कॉम्प्रेशन रेशोचे पिस्टन लागतात. नुसता टर्बो बसवणे म्हणजे अर्धवट काम.

अमेरिकेतल्या ओल्डस्मोबिलने 1962 मध्ये आपल्या साडेतीन लिटरच्या व्ही-8 इंजिनाला टर्बो लावून ‘जेटफायर’ काढली. रेशो मात्र 10.25:1 असा चढाच ठेवला. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी-मिथेनॉलचा फवारा दिला. 215 अश्वशक्ती मिळाली खरी, पण त्या मिश्रणाची टाकी भरायला मालक विसरत. अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवावे लागले.

भारतात मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत.