लेव्हिटाउन
लेव्हिटाउन : अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर वसलेले उपनगर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत लेव्हिट अँड सन्स या कंपनीने १९४७–५१ दरम्यान येथे १७,००० हून अधिक घरे बांधली. बांधकामाचे पंचवीसहून अधिक टप्पे पाडून प्रत्येकासाठी स्वतंत्र तुकडी नेमल्याने खर्च घटला. १९४४ च्या कायद्यान्वये माजी सैनिकांना सरकारी हमीचे गृहकर्ज मिळे. १९४९ मध्ये घराची किंमत ७,९९० डॉलर होती व तीत फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र अंतर्भूत असे. १९५० च्या घरांत दूरचित्रवाणी संचही बसविलेला असे. त्यामुळे ही वसाहत मोटारीवर विसंबलेल्या, उपभोगप्रधान मध्यमवर्गीय जीवनाचे प्रतीक ठरली. मात्र प्रारंभीच्या करारांनुसार कृष्णवर्णीयांना येथे वास्तव्यास मज्जाव होता. ते कलम वगळल्यावरही विक्रीतील भेदभाव चालूच राहिला.