जखम कोणाची? एका शेऱ्यावर ठरलेली सैनिकांची पेन्शन

१/ पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील खंदकांतून असे ब्रिटिश सैनिक परत येऊ लागले, ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पण कोणाची वाचा गेली होती, कोणाची दृष्टी, कोणाची स्मृती. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन रुग्णांविषयी लिहिताना ‘शेलशॉक’ हा शब्द वापरला.

२/ लष्कराने या रुग्णांचे दोन वर्ग केले. जवळ तोफगोळा फुटल्यामुळे सैनिक कोसळला असेल, तर त्याच्या कागदावर ‘डब्ल्यू’ हे अक्षर येई, म्हणजे जखमी. अन्यथा ‘एस’, म्हणजे आजारी. ‘डब्ल्यू’वाल्याला बाहीवर जखमेची पट्टी लावता येई. ‘एस’वाल्याला ना पट्टी, ना पेन्शनचा हक्क.

३/ दिसणाऱ्या जखमांचे गणित त्यामानाने सोपे होते. १९१७ च्या राजाज्ञेने अपंगत्वाचा तक्ताच लावून दिला. दोन किंवा अधिक अवयव गेले, तर शंभर टक्के. उजव्या हाताचा दर डाव्याहून अधिक. टक्केवारी ठरली, की पेन्शनची रक्कम ठरली.

४/ खरा वाद न दिसणाऱ्या व्याधींचा. तेथे वैद्यकीय मंडळापुढे आधी वेगळाच प्रश्न असे: हे दुखणे लष्करी सेवेमुळे उद्भवले आहे का, किंवा निदान सेवेमुळे बळावले आहे का? उत्तर नकारार्थी आले, तर पुढची टक्केवारी निरर्थक ठरे.

५/ येथेच भरतीच्या वेळची तपासणी आड येई. १९१४ च्या गर्दीत ती घाईघाईने उरकली जात असे. तेव्हा सैन्याने ज्याला धडधाकट म्हणून घेतले, त्यालाच परतल्यावर ऐकावे लागे, की हा विकार तू घरूनच आणला होतास. आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच माथी.

६/ १९२१ मध्ये सुमारे ६५,००० ब्रिटिश माजी सैनिक मज्जाविकारांसाठी पेन्शन घेत होते. ठरावीक काळाने फेरतपासणी होई आणि टक्केवारी घटवली जाऊ शके. १९२२ मध्ये साउथबरो समितीने तर ‘शेलशॉक’ हा शब्दच दप्तरातून काढून टाकण्याची शिफारस केली.

७/ सिद्धतेचा हा भार ब्रिटनमध्ये सैनिकाच्या खांद्यावरून उतरला तो १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना. वाजवी शंका असेल, तर तिचा फायदा सैनिकाला, असे तत्त्व नव्या राजाज्ञेत आले.

८/ ‘सेवेमुळे उद्भवलेले वा बळावलेले’ ही शब्दयोजना भारतीय लष्कराच्या पेन्शन नियमांतही आहे. जुन्या नियमांनुसार अपंगत्व किमान २० टक्के हवे आणि ते सेवेशी निगडित हवे. शंकेच्या फायद्याचे तत्त्व १९८२ च्या नियमांतही होते.

९/ १९८५ मध्ये सिग्नल कोरमध्ये भरती झालेल्या एका शिपायाला १९९४ मध्ये अपस्मारामुळे सेवेतून काढण्यात आले. अपंगत्व २० टक्के, म्हणजे नेमके उंबरठ्यावर. पण वैद्यकीय मंडळाचा शेरा होता: ‘सेवेशी संबंध नाही.’ पेन्शन नाकारली गेली.

१०/ हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. २ जुलै २०१३ रोजी निकाल शिपायाच्या बाजूने लागला. भरतीच्या तपासणीत रोगाची नोंद नसेल, तर तो सेवेत असताना उद्भवला असे मानावे; तो तेव्हा ओळखता येण्याजोगा नव्हता असे मंडळाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे द्यावीत. कारणाविना लिहिलेला शेरा पुरेसा नाही.

११/ म्हणजे जो कोरा रकाना पूर्वी सैनिकाला वाचवू शकत नव्हता, तोच आता त्याचा पुरावा ठरला. पुढे नियमावली पुन्हा बदलली. वादही चालूच आहेत.

१२/ महायुद्धातील जखमींचे आकडे वाचताना म्हणून एक ध्यानात ठेवावे. ‘एस’ हे अक्षर मिळालेले सैनिक त्या आकड्यांत जखमी म्हणून मोजलेलेच नाहीत. (समाप्त)