भाताची रोपे आणि जिबरेलिनचा शोध : एक ऐतिहासिक आढावा

सातारा जिल्ह्यात तरवा टाकून भातलावणी होते ती प्रामुख्याने जावळी, पाटण, महाबळेश्वर या पावसाळी तालुक्यांत. कमी पावसाच्या कोरेगावची ओळख वाघ्या घेवड्याची. वनस्पतिसंप्रेरकांच्या इतिहासात मात्र भात आणि घेवडा ही दोन्ही पिके एकत्र येतात.

जपानमध्ये भाताची काही रोपे इतरांपेक्षा उंच, फिकट व लेचीपेची वाढत आणि बहुधा दाणा भरण्यापूर्वीच मरत. शेतकरी या रोगास ‘बाकानाए’, म्हणजे ‘खुळे रोप’, म्हणत. रोग बुरशीजन्य असल्याचे ज्ञात होते; उंचीचे कारण अज्ञात होते. १९२६ मध्ये तैवानात एइची कुरोसावा यांनी बुरशी वाढविलेला द्रव गाळून निरोगी रोपांना दिला. बुरशी नसतानाही रोपे तशीच उंच झाली. वाढीचे कारण बुरशीने स्रवलेले द्रव्य आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्यास ‘जिबरेलिन’ हे नाव दिले. पुढे १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये घेवडावर्गीय पिकाच्या कोवळ्या बियांतून जिबरेलिन वेगळे करण्यात आले. रोगकारक मानलेले द्रव्य वनस्पतीचे स्वतःचेच संप्रेरक ठरले.

१९६६ मध्ये प्रसारित झालेली आयआर-८ ही भाताची बुटकी जात भरपूर खत देऊनही सहसा लोळत नसे. तिच्यातील जिबरेलिननिर्मितीचे एक जनुक सदोष असल्याचे २००२ मध्ये उघड झाले. अतिरेकाने रोप खुळे झाले, तर मर्यादित प्रमाणाने हरितक्रांतीस हातभार लागला. सारांश, उंच रोप म्हणजे सशक्त रोप नव्हे. संप्रेरकाचा वापर करताना मात्रेचा विचार अपरिहार्य ठरतो.