काळा धागा

चित्रपटाच्या इतिहासात नटनट्यांची नावे पुष्कळ येतात, हाताने काम करणाऱ्याचे क्वचितच. आज आम्हांला ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ते धंद्यानेही मिस्त्री आणि आडनावानेही मिस्त्री. बाबूभाई मिस्त्री १९१८ साली सुरतेस जन्मले आणि मुंबईच्या स्टुडिओंत घडले.

१९३७ साली विजय भट्टांनी 'ख्वाब की दुनिया' काढला. त्यातील अदृश्य माणसाची कल्पना हॉलिवूडच्या १९३३ च्या बोलपटावरून घेतलेली. तिकडे साधनांची रेलचेल. इकडे विशीही न गाठलेला हा पोरगा. त्याने काय केले? काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू टांगल्या आणि हलविल्या. काळ्यावर काळे कॅमेऱ्यास दिसेना. वस्तू मात्र आपोआप चालू लागल्या! तेव्हापासून लोक त्यांना 'काला धागा' म्हणू लागले.

आमच्या जिनातल्या कामगारास यातले मर्म चटकन कळेल. रुईची गाठ बांधली गेली की सरकी काढणारा कोणाला आठवत नाही. येथेही दोरा दिसला तर काम फसले; काम साधले की करणारा दिसेनासा झाला. टाळी पडे ती देवाला.

परंतु बाबूभाई पडद्याआड राहिले नाहीत. १९४२ च्या 'मुकाबला'चे ते नानाभाई भट्टांच्या जोडीने दिग्दर्शक झाले. त्यात नादियाची दुहेरी भूमिका. एकच नटी एका चौकटीत दोनदा दाखविण्याची त्या काळची रीत अशी, की भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्रण करावयाचे, मग फिल्म मागे फिरवून उरलेला अर्धा. दुसऱ्या खेपेस कॅमेरा केसभर हलला तर पहिल्या खेपेचे श्रमही मातीत. ज्याला हा हिशेब येतो त्याला सबंध चित्रपट का येऊ नये? कारागिराला असे बढतीचे दार क्वचितच उघडते, हे युनियनच्या कामात आम्ही रोज पाहतो.

पुढे 'संपूर्ण रामायण' (१९६१), 'पारसमणी' (१९६३), 'महाभारत' (१९६५). फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहना'चीच ही वाट. अमरावती हे चित्रपट-वितरणाचे ठाणे. त्यामुळे असले चित्रपट वऱ्हाडात खेडोपाडी, यात्रेतल्या तंबूंतही पोचत. पडद्यावर हनुमान उडाला की आयाबाया हात जोडीत आणि शिकलेली मंडळी हसत. आम्हांला हसू येत नाही. त्या उड्डाणामागे कुणाची तरी बोटे होती.

दिग्दर्शक झाल्यावरही बाबूभाईंनी दोरा सोडला नाही. होमी वाडियांच्या १९५६ च्या 'हातिमताई'तील चमत्कार त्यांचेच. २०१० साली ते वारले.